पिवळ्या घंटीची शिवण

आमच्या वहिनीच्या अंगात दर गुरुवारी काहीतरी संचारतं. एरवी सकाळी दुकानाचं शटर वर करायला मला तिला तीन हाका माराव्या लागतात. गुरुवारी मात्र ही बाई साडेआठलाच केस विंचरून, सुयांची डबी, मेणाचा तुकडा आणि हिरव्या दोऱ्याचं रीळ पिशवीत टाकून दारात उभी असते. "येते गं. दोन वाजेपर्यंत गिऱ्हाईक सांभाळ," एवढं सांगायचं आणि विद्यापीठाची बस पकडायची. तिथे तिला पगार नाही, खुर्चीला पाठ नाही, चहासुद्धा स्वतःचा स्वतः करून घ्यायचा. "निघाली घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायला," असं मी दर गुरुवारी म्हणते आणि ती दर गुरुवारी "हो" म्हणते. अशा माणसाशी भांडणार तरी काय?

आमचं शिवणकामाचं दुकान घराच्या पुढच्या खोलीत आहे. मी कापते, वहिनी शिवते आणि दादा, म्हणजे माझा भाऊ, तिचा नवरा, बटणं लावतो आणि सल्ले देतो. शाळेचे गणवेश, कोट, पँटी आखूड करणं, चेन बदलणं, हे आमचं काम. पण वहिनीच्या मशीनच्या वर भिंतीला एक चौकट आहे आणि तिच्यात तिची वनस्पतीशास्त्राची पदवी आहे. गिऱ्हाईक मापं देता देता ती वाचतं आणि विचारतं, "ही कुणाची?" वहिनी तोंडात टाचण्या धरूनच सांगते, "माझी. म्हणून तर फुलाफुलाचं कापड लगेच ओळखते." पदवी मिळाली त्याच महिन्यात तिच्या आधीपासून आजारी वडिलांनी अंथरूण धरलं आणि घरात मशीन आलं. मशीनने जेवायला घातलं, पदवी भिंतीवर राहिली. याचं तिला फार दुःख आहे असं मला कधी वाटलं नाही. पण चौकटीवरची धूळ ती दुसऱ्या कुणाला पुसू देत नाही.

पाच वर्षांपूर्वी त्यांच्या वर्गाचं पुन्हा एकत्र भेटायचं ठरलं. ठरवणारा अर्थात मॉनिटर. तो तेव्हा वर्गाचा मॉनिटर होता, आता लोखंडी कपाटांच्या कारखान्याचा मालक आहे, पण हजेरी घ्यायची खोड गेलेली नाही. त्याने सगळ्यांना जुन्या वर्गात जुन्या बाकांवर बसवलं आणि एकेकाला उभं करून विचारलं, विभागाला तू काय देणार? कुणी पुस्तकं म्हणालं, कुणी दोन मुलींची फी म्हणालं, एका बँकवालीने अभ्यासात मागे पडलेल्या मुलांना शनिवारी शिकवायचं कबूल केलं. शेवटच्या बाकावर आमची वहिनी. ती उठली आणि म्हणाली, "मला शिवता येतं." पुढचे दोघे हसले. मात्र दारापाशी उभा असलेला एक काटकुळा माणूस लगबगीने पुढे आला आणि म्हणाला, "ताई, उद्यापासून याल?"

हे वाळवण सर. विभागाची एक मोठी खोली आहे, तिथे दीडशे वर्षांत गोळा केलेली झाडंझुडपं वाळवून, जाड कागदाच्या शीटवर चिकटवून, कपाटांत रचून ठेवलेली आहेत. मुलं तिला वाळवणखोली म्हणतात, आणि ती खोली सांभाळतात म्हणून हे वाळवण सर. त्यांना हे नाव माहीत आहे आणि ते त्यांना आवडतं. वहिनीहून ते बरेच लहान, त्याच विभागात शिकलेले. तर झालं होतं असं, की जुन्या शीटवरचा डिंक सुटत चालला होता. कपाट उघडलं की पानं खाली पडायची आणि कोणतं पान कोणत्या शीटवरचं हे ओळखता ओळखता सरांचा दिवस जायचा. अशा वेळी देठ बारीक दोऱ्याने कागदावर शिवून टाकणं हा उत्तम उपाय. पण त्याला हात हवा. वाळलेल्या देठातून सुई आरपार गेली की देठ तुटतो. त्याला बगल देऊन टाका घ्यायचा, मागे गाठ मारायची नाही, दोरा नुसता मेणाने बसवायचा. वहिनीचा हात बघितला तेव्हा सरांनी म्हणे चष्मा काढून पुन्हा घातला.

त्या खोलीचा एक नियम वहिनीने मला पहिल्याच आठवड्यात सांगितला होता. शीटवरचं जुनं लेबल कधी फाडायचं नाही, खोडायचं नाही. त्यावरचं नाव चुकलं असेल तर शेजारी नवी चिठ्ठी चिकटवायची: माझ्या मते ही अमुक वनस्पती, खाली स्वतःचं नाव आणि तारीख. काही शीटवर अशा चार-चार चिठ्ठ्या आहेत. एकाची चूक दुसऱ्याने दाखवलेली, दुसऱ्याची तिसऱ्याने, आणि सगळे एका कागदावर सुखाने नांदताहेत. मी म्हटलं, "आपल्या घरात अशी पद्धत असती तर भिंती पुरल्या नसत्या."

पाच वर्षं असे गुरुवार गेले. मग या वर्षी मॉनिटरने विभागाला कपाटं द्यायचं जाहीर केलं. हवा न शिरणारी, कसर न लागणारी चाळीस लोखंडी कपाटं, सगळ्या वर्गाच्या नावाने. समारंभ ठरला, पुस्तिका छापायची ठरली, आणि तिच्या मुखपृष्ठावर काय घालायचं यावर त्यांच्या फोनवरच्या ग्रुपमध्ये चार दिवस काथ्याकूट झाला. शेवटी मॉनिटरनेच निकाल दिला. मुखपृष्ठावर पिवळी घंटी, वाळवणखोलीतली सगळ्यात दुर्मिळ वनस्पती.

त्या गुरुवारी वहिनी दोनऐवजी बारालाच परत आली. जेवली नाही. मशीनवर बसली आणि एका कोटाची डावी बाही उजव्या खांद्याला जोडून मोकळी झाली. तीस वर्षं शिवणारी बाई. दादाने कोट अंगात घालून बघितला, त्याचा एक हात मागच्या बाजूला निघाला. त्याला हसू आवरेना. वहिनी मात्र उठून मागच्या खोलीत गेली. मी तिच्यामागे गेले आणि दार लोटून घेतलं. "काय झालंय ते सांग. नाहीतर दादाला तसाच त्या कोटात बाहेर पाठवते."

"ती पिवळी घंटी माझी आहे," ती म्हणाली.

पदवीच्या शेवटच्या वर्षी प्रत्येकाला पन्नास वनस्पती स्वतः गोळा करून, वाळवून द्याव्या लागत. वहिनीच्या एकोणपन्नास झाल्या होत्या. वडिलांच्या आजारपणात दोन दिवस टीपकागद बदलायचे राहिले, पन्नासावीला बुरशी लागली आणि दुपारी तर शीट द्यायच्या होत्या. एक शीट कमी म्हणजे नापास, आणि पुन्हा वर्षभर फी भरायची घरात ऐपत नव्हती. मग तिने काय केलं? रस्त्याकडेचं एक साधं रोप वाळवलेलं होतं, त्याचं खोड घेतलं. घरमालकिणीच्या कुंडीतली दोन पिवळी फुलं पुस्तकात दाबून ठेवलेली होती, ती घेतली. वर्णनाचं पुस्तक समोर उघडं ठेवलं. गिऱ्हाईक मासिकातलं चित्र दाखवतं आणि आपण तसा फ्रॉक शिवून देतो, अगदी तशी तिने वर्णनाबरहुकूम एक वनस्पती शिवली. जोड पानाखाली दडवला. लेबलवर पिवळ्या घंटीचं लॅटिन नाव लिहिलं आणि ठिकाण लिहिलं, टेकडीची उत्तर उतरण, कारण वर्गाची सहल तिथे गेली होती.

ती पास झाली. पण झालं काय, की पिवळी घंटी या भागात त्याआधी कुणाला कधी सापडलीच नव्हती. त्यानंतरही नाही. त्यामुळे वहिनीची शीट एकुलती एक ठरली, तिला वेगळा कप्पा मिळाला, आणि एकुलती एक म्हणून तिला हात लावायला कुणी धजेना. पाच वर्षांत वहिनीने त्या कपाटाकडे पाठ करूनच काम केलं होतं. बायका चोरी पचवत नाहीत म्हणतात. हिने बत्तीस वर्षं पचवली होती, मला पत्ता लागू न देता.

"मग कशाला बोलतेस?" मी म्हटलं. मी काही साधू-संत नाही. "झाकली मूठ सव्वा लाखाची. छापू देत की फोटो. त्या घंटीचं काही बिघडतंय का?"

"घंटीचं नाही. सरांचं."

त्या सकाळी वाळवण सरांनी तिला एक यादी दाखवली होती. या भागातून नाहीशा झालेल्या वनस्पतींची. समारंभानंतर ती छापायला जायची होती, आणि तिच्यात सर्वांत वर पिवळी घंटी होती. दाखवता दाखवता सर सांगत बसले. नोकरीच्या पहिल्या वर्षी ते साठ मुलांना घेऊन उत्तर उतरणीवर गेले होते. उत्साहाच्या भरात म्हणाले, घंटीसारखं पिवळं दिसेल ते प्रत्येकाने एक एक आणा. मुलांनी पोती भरून आणलं. ती पोती दोन दिवस तशीच पडली, सगळं कुजलं, आणि त्यात काय होतं हे बघायचंच राहिलं. त्यानंतर पंधरा वर्षं, फुलांच्या दिवसांत दर रविवारी हा माणूस त्या टेकडीवर जातो, खाली वाकून पावलापावलाने शोधतो आणि हात हलवत परत येतो. "शेवटची चार-दोन रोपं असतील ताई," ते वहिनीला म्हणाले, "ती मीच उपटायला लावली."

हे ऐकल्यावर माझी सव्वा लाखाची मूठ उघडली. मी म्हटलं, "उद्या जाऊ. मी येते बरोबर."

"समारंभ होऊन जाऊ दे का?"

"वहिनी."

"बरं, वन्सं," ती म्हणाली. ती मला वन्सं फक्त रागावली की म्हणते किंवा घाबरली की.

मी दहावीनंतर शाळा सोडली, त्यामुळे विद्यापीठाचा जिना चढायची माझी पहिलीच वेळ. तिसऱ्या मजल्यावर व्हरांड्यात मॉनिटरची नवी कपाटं प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून उभी होती, त्यांना खेटून खेटून जावं लागलं. आत डांबराच्या गोळ्यांचा वास. जुन्या लाकडी कपाटांची दारं मिटत नव्हती म्हणून फटीत कागदाच्या घड्या सारलेल्या. खिडकीपाशी लांब टेबल आणि त्यावर वहिनीची टाचणीदाणी, जशी काही ती इथेच नोकरीला आहे.

"आज शुक्रवार ना?" सर म्हणाले.

"सर, पिवळी घंटी काढता का?"

सरांना वाटलं, मला दाखवायला. त्यांनी कौतुकाने ती शीट दोन्ही हातांवर तोलून आणली आणि टेबलावर ठेवली. मी बघितलं. खरं सांगते, काम सुंदर होतं.

"सर, ही मी शिवलीये," वहिनी म्हणाली.

"माहीत आहे की. लेबलवर तुमचंच नाव आहे, माहेरचं. मी म्हटलं, स्वतः होऊन सांगतील तेव्हा सांगतील. केवढा हा विनय."

"तसं नाही हो. शीटवर नाही शिवली. झाडच शिवलंय."

सर हसत होते, ते तसेच राहिले. त्यांना कळेना. वहिनीने मग एका दमात सगळं सांगितलं: वडील, बुरशी, कुंडी, पुस्तक. कुठेही थांबली नाही, कुठेही रडली नाही. मी मात्र स्टुलावर बसून पदराशी चाळा करत होते. सरांनी भिंग घेतलं आणि पानाच्या कडेला बराच वेळ बघितलं.

"इथून काही दिसत नाही," ते म्हणाले.

"दिसायचं नाही. उसवू?"

त्या शीटला पंधरा वर्षांत सरांनी स्वतःच्या चिमट्यानेसुद्धा हात लावला नव्हता. त्यांनी खिडकीकडे बघितलं, मग म्हणाले, "उसवा."

वहिनीने सुईच्या टोकाने दोन टाके उचलले, कात्रीने कापले, आणि फूल त्याच्या स्वतःच्या देठासकट अलगद वेगळं झालं. खोडाचं टोक बोडकं उघडं पडलं. एखाद्याची कवळी निघावी तसं ते दिसत होतं आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "जोड बाकी बेमालूम होता." वहिनीने माझ्याकडे असं पाहिलं की मी स्टूल चांगलं हातभर मागे सरकवलं.

सर खाली बसले. "म्हणजे उत्तर उतरणीवर ही नव्हती?"

"मी नाही बघितली. कुणीच नाही बघितली. मी पुस्तकात बघून केली."

"म्हणजे नाहीशी झाली नाही."

"नव्हतीच, तर नाहीशी कशी होईल सर?"

"म्हणजे माझ्या पोरांनी..."

"तुमच्या पोरांनी गवत उपटलं," वहिनी म्हणाली. "दुसरं काही उपटलं असेल तर मला माहीत नाही. पण ही नाही. ही तुम्ही नाही मारली."

त्या माणसाने दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले आणि एवढा मोठा श्वास सोडला की शीटवरचं सुटं फूल हाललं. वहिनीने चटकन त्यावर तळहात धरला. मग सर हसायला लागले. आवाज न करता, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "पंधरा वर्षं," ते म्हणत होते, "पंधरा वर्षं मी मान मोडून..." आणि पुन्हा हसत होते. मला आधी भीती वाटली, मग इतकं हायसं वाटलं की मीही हसले. वहिनी तेवढी उभीच होती, शिक्षा व्हायची राहिल्यासारखी.

"मला रागवायला पाहिजे तुमच्यावर," सर डोळे पुसत म्हणाले. "रागवेन, नंतर. आज नाही जमायचं."

मग त्यांनी एक कोरी चिठ्ठी तिच्यापुढे सरकवली. जी बाई सुईत दोरा न बघता ओवते, ती पेनचं टोपण भलत्याच टोकाकडून ओढत बसली. तिने लिहिलं: खोड एका झाडाचं, फूल दुसऱ्याचं, दोन्ही जोडणारी मीच. खाली नाव, आणि तारीख. सरांनी वाचलं आणि म्हणाले, "'मीच' काढा. शास्त्रात 'मीच' नसतं."

"राहू द्या सर," वहिनी म्हणाली. सरांनी राहू दिलं. दोन्ही तुकडे एका छोट्या पाकिटात घालून त्याच शीटवर चिकटवले आणि शीट कपाटात गेली, साध्या कप्प्यात, बाकीच्यांबरोबर.

आता उरला मॉनिटर. वहिनीने व्हरांड्यातूनच त्याला फोन लावला आणि मला ऐकू यावं म्हणून फोन मोठ्या आवाजावर ठेवला. मुखपृष्ठ बदल म्हणाली, का ते सांगितलं. आता हा कपाटं परत नेतोय, असं मला वाटलं.

"पन्नास शीट होत्या ना आपल्याला?" मॉनिटरने हळू आवाजात विचारलं.

"हो."

"माझ्या अकरा माझ्या नाहीत. वरच्या वर्गातल्या मुलाने दिल्या होत्या. मी फक्त लेबलं बदलली. नियम तोडून." मग म्हणाला, "कपाटं काय उगाच देतोय का मी?"

"कुलपं मजबूत ठेवली असतील," मी म्हटलं. तो इतका जोरात हसला की वहिनीच्या हातातून फोन पडता पडता राहिला.

त्याने ते ग्रुपवर टाकलं, स्वतःचं आधी, मग वहिनीचं. संध्याकाळपर्यंत आणखी सहा जण बोलते झाले. बँकवालीने तीन वनस्पती एकाच कुंपणावरून तोडून तीन गावांची नावं घातली होती. एकाने रोपवाटिकेतलं रोप जंगलातलं म्हणून दिलं होतं. जो तो लिहीत होता, मला वाटायचं मी एकटाच. समारंभाच्या दिवशी मग भाषणं बारगळली. पन्नाशी ओलांडलेली अठरा माणसं वाचायचे चष्मे लावून त्या लांब टेबलाशी बसली, आपापल्या जुन्या शीट पुढ्यात घेऊन, आणि परीक्षेला बसल्यासारखी चिठ्ठ्या लिहीत राहिली. कुणी शेजाऱ्याचं बघून लिहितंय की काय यावर सर फेऱ्या मारत लक्ष ठेवून होते. मला डिंक लावायचं काम मिळालं. दुपारी मॉनिटर देणग्यांचा फलक घेऊन बसला: कपाटं चाळीस, पुस्तकं एवढी, आणि पुढे काय लिहावं ते त्याला सुचेना. शेवटी त्याने नव्या चिठ्ठ्या मोजल्या आणि लिहिलं, चुका त्रेसष्ट. फलक तसाच लागला आहे, तिसऱ्या मजल्यावर, जिना चढलात की डावीकडे.

पुढच्या गुरुवारी वहिनी वेळेवर, दोन वाजता परतली आणि मशीनवर न बसता, सवयीने टाचण्या तोंडात धरून माझ्या कापायच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. सरांनी यादीतली पहिली ओळ तिच्यासमोर काढून टाकली होती. मग सुई ओवून देता देता म्हणाले, रविवारी टेकडीवर गेलो होतो.

"मी म्हटलं, आता कशाला? काय सापडलं?" वहिनी सांगत होती. "तर म्हणाले, काही नाही. शोधतच नव्हतो. बायकोला घेऊन गेलो होतो. नुसते बसलो. म्हणाले, ताई, त्या उतरणीवरून खालची नदी दिसते. अख्खी, वळणासकट. पंधरा वर्षांत मी मान वर करून बघितलंच नव्हतं."

एवढं सांगून ती रडायला लागली. तोंडातल्या टाचण्या मी आधी काढून घेतल्या. मग दारात आलेल्या दोन गिऱ्हाइकांना उद्या यायला सांगितलं आणि तिला पोटभर रडू दिलं.